सात मीटर खालचं देऊळ

लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या युरोपीय मुख्यालयाखाली जिना उतरत गेलं, की सात मीटर खोलीवर आपण साधारण इ.स. २४० मध्ये पोचतो. काळोखात आधी लॅटिन मंत्र कानी पडतात. मग धुक्यात सोडलेल्या प्रकाशाचे खांब उभे राहतात. हात घालावा तर आरपार जातो. खऱ्या आहेत त्या खालच्या बुटक्या दगडविटांच्या भिंती. हे रोमन काळातल्या मिथ्रास या देवाचं देऊळ. नावाचं नातं इराणी मिथ्र आणि आपल्या वैदिक मित्राशी आहे, पण गुहेत बैल मारणारा हा रोमन मिथ्रास पाहून आपला मित्र ओळखू येणं कठीणच.

देऊळ इतकं खाली कसं गेलं? ते खचलं नाही, शहर वर चढलं. पडक्या घराचा राडारोडा उपसण्यापेक्षा सपाट करून त्यावरच नवं घर बांधणं सोपं. त्यात इथून वॉलब्रुक नावाचा ओढा वाहायचा. त्याच्या खोलगट भागात भर आणखीच पडत गेली.

माझ्या मते इथला खरा नायक देव नव्हे, या ओढ्याचा चिखल. लाकूड-चामडं कुजवणाऱ्या बहुतेक बुरश्यांना आणि जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, आणि पाण्याने कायम भरलेल्या मातीत तो जवळजवळ पोचतच नाही. म्हणून २०१० नंतरच्या उत्खननात रोमन जोडे निघाले आणि चारशेहून अधिक लाकडी पाट्या मिळाल्या. पाटीवरच्या खळग्यात मेण भरून त्यावर टोकदार लेखणीने लिहीत. मेण नाहीसं झालं, पण जोरात टेकवलेल्या लेखणीचे ओरखडे लाकडावर राहिले. वेगवेगळ्या बाजूंनी तिरपा उजेड टाकून फोटो काढले, की ते वाचता येतात. एका पाटीवर तारीख आहे ८ जानेवारी ५७. मजकूर असा, की तिबुलसने ग्रातुसकडून घेतलेल्या मालाचे १०५ देनारी (रोमन चांदीची नाणी) देणं आहे. दोघेही गुलामगिरीतून मुक्त झालेले. रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्याला तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती, आणि उधारी सुरू! आज त्याच जागेवर आर्थिक बातम्या विकणारी कंपनी बसली आहे.

देवळाचे स्वतःचे हाल मात्र बरेच झाले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या या जागेत १९५४ साली पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांना ते सापडलं. मिथ्रासचं संगमरवरी डोकं मिळाल्यावर बघ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. इमारत तर बांधायचीच होती. दगड हलवले गेले आणि १९६२ मध्ये शंभरेक मीटरवर, उघड्यावर, सिमेंटने जोडले गेले. मूळ मातीच्या जमिनीऐवजी वेड्यावाकड्या फरशा आल्या. ब्लूमबर्गच्या इमारतीखालच्या नव्या बांधणीत ते सिमेंट काढून दगड जोडायला चुना वापरला आणि २०१७ मध्ये देऊळ पुन्हा आपल्या पातळीवर आलं.

तरी नेमक्या जुन्या जागी नाही. मूळ देवळाचे काही अवशेष अजून जमिनीत आहेत. त्यांना धक्का नको म्हणून हे थोडं पश्चिमेला उभारलं आहे.