ॲप परवानग्या

फोनमधील कॅमेरा, माइक, संपर्क, संदेश (एसएमएस), फोटो किंवा ठावठिकाणा वापरण्याआधी ॲपला वापरकर्त्याकडून घ्यावी लागणारी मंजुरी म्हणजे ॲप परवानगी. अँड्रॉइड ६.० (२०१५) येईपर्यंत ॲप बसवतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. आता त्या गरजेच्या वेळी एकेक मागितल्या जातात. इंटरनेटची परवानगी मात्र अँड्रॉइड विचारतच नाही. त्यामुळे संपर्क एकदा वाचू दिले की ते बाहेर पाठवायला ॲपला वेगळी मंजुरी लागत नाही. पुढे परवानगी काढली, ॲपही काढले, तरी सर्व्हरवर गेलेली यादी तिथेच राहते.

अँड्रॉइड १२ पासून (२०२१) ठावठिकाणा अचूक द्यायचा की अंदाजे, हे ठरवता येते. अंदाजे म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरचा टापू. कोल्हापुरात महाद्वार रोडवर उभा असलेला माणूस त्यात बिंदू चौकात किंवा रंकाळ्याच्या काठावरही दिसू शकतो. हवामानासाठी एवढे पुरते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते का, हे पाहायला तर ठावठिकाणा लागतच नाही. रिक्षा बोलावताना मात्र अचूकच द्यावा, नाहीतर ती भलत्याच पेठेत जाऊन थांबते.

कॅमेऱ्याची धास्ती मोठी असते. पण कॅमेरा किंवा माइक चालू झाला की अँड्रॉइड १२ पासून वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. पैसे जातात ते संदेश आणि ‘सुलभता’ (ॲक्सेसिबिलिटी) या परवानग्यांमधून, आणि तिथे अशी खूण नसते. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलन’ किंवा ‘पीएम किसान’ नावाने आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) संदेश वाचू लागली की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. सुलभता ही मुळात दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या ॲपसाठीची सोय. ती मिळाल्यास ॲप पडद्यावरचे वाचते आणि बटणेही दाबते. अशी फाइल बसलीच तर आधी इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणूक मदतक्रमांकावर कळवावे. ॲप काढता येत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (यात नंतर बसवलेली ॲप चालत नाहीत) सुरू करून त्या ॲपची सुलभता आणि डिव्हाइस ॲडमिनचा (ॲप काढण्यापासून अडवणारा) अधिकार काढून घ्यावा, मग ॲप काढावे.

कर्ज देणाऱ्या ॲपनी संपर्क, कॉल नोंदी व फाइल्स पाहू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये तर उदाहरणच आहे: वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपला कुणी संपर्क यादीसाठीही होकार दिला, तरी सल्ल्याला ती यादी लागत नसल्याने तेवढा होकार गैरलागू ठरतो.

तपासणी ॲपनिहाय करण्यापेक्षा परवानगीनिहाय करणे सोपे. सेटिंग्जच्या गोपनीयता विभागातील परवानगी व्यवस्थापकात ‘संदेश’ उघडले की ते वाचू शकणारी सगळी ॲप एकाच यादीत दिसतात. सुलभतेची यादी तिथे नसते. ती सेटिंग्जमध्ये वेगळी पाहावी लागते.