डीबग मेसेजच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

लिनक्सवर स्क्रीन मध्येच काळी पडते अशी तक्रार केली की ग्राफिक्स ड्रायव्हर लिहिणारे बहुतेक वेळा आधी हेच सांगतात: बूट करताना ‘डीआरएम.डीबग’ला 14 ही किंमत द्या आणि लॉग पाठवा. (डीआरएम म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, ग्राफिक्स सांभाळणारा भाग.) त्या 14 मध्ये तीन बिट चालू असतात आणि प्रत्येक बिट दोष शोधायला लागणाऱ्या, म्हणजे डीबगच्या, मेसेजचा एक वर्ग सुरू करतो. 2 ड्रायव्हरचा, 4 मोडसेटिंगचा (स्क्रीनचं रिझोल्यूशन वगैरे ठरवणं), 8 बफर शेअरिंगचा (चित्राची मेमरी ड्रायव्हरनी वाटून घेणं).

ही बिटांची सोय का करावी लागली, हे कळायला 1980 च्या दशकात जावं लागतं. एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिसलॉग ही मेसेज नोंदवण्याची व्यवस्था लिहिली, तेव्हा प्रत्येक मेसेजला दोन खुणा होत्या: तो कुठून आला आणि किती गंभीर आहे. लिनक्स कर्नलच्या ‘प्रिंटके’ या मेसेज छापणाऱ्या फंक्शनने गांभीर्याच्या 0 ते 7 या पायऱ्या घेतल्या, पण उगमाच्या जागी कर्नलच्या सगळ्या मेसेजना एकच शिक्का बसला. यूएसबी बोलतंय की डिस्क, ते पायरीवरून कळत नाही. माझ्या मते पुढचा सगळा पसारा या एका उणिवेतून वाढला.

कर्नलच्या ज्या-त्या भागाने मेसेज चालू-बंद करायला आपापली बटणं बनवली. डीआरएमची मांडणी त्यातली विचारपूर्वक केलेली. व्हीब्लँकच्या, म्हणजे स्क्रीनच्या दोन रिफ्रेशमधल्या क्षणाच्या, मेसेजना तिथे वेगळा बिट आहे, 32. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर सेकंदाला 60 व्हीब्लँक होतात. त्यांच्या मेसेजनी कर्नलचा मेसेज साठवणारा मर्यादित बफर भरला की नेमका हवा तो जुना मेसेज पुसला जातो. म्हणून वर्ग पाडताना विषयाइतकाच मेसेजच्या संख्येचाही विचार करावा लागतो.

2009 मध्ये कर्नलच्या 2.6.30 आवृत्तीत जेसन बॅरन यांचं ‘डायनॅमिक डीबग’ आलं. त्याआधी ‘पीआर_डीबग’चे, म्हणजे कोडमध्ये लिहिलेले डीबगचे, मेसेज पाहायला कोड पुन्हा कंपाइल करावा लागे. आता फाइल, फंक्शन किंवा ओळ सांगून चालत्या कर्नलमध्ये हवा तोच मेसेज सुरू करता येऊ लागला. पुढे जंप लेबलमुळे (चालता कोड जागेवरच बदलण्याची युक्ती) बंद मेसेजच्या जागी निव्वळ एक रिकामी सूचना उरली, त्यामुळे खर्च जवळपास शून्यावर आला. पण तक्रार करणाऱ्या माणसाला फाइलचं नाव कुठून माहीत असणार? त्याला वर्गच हवेत.

दोन्हींची सांगड जिम क्रोमी यांनी घातली. 2022 च्या अखेरीस आलेल्या कर्नलच्या 6.1 आवृत्तीत वर्गांची नावं डायनॅमिक डीबगमध्ये शिरली. अडचण लगेच दिसली. बूटच्या वेळी दिलेली किंमत नंतर लोड होणाऱ्या ड्रायव्हर मॉड्यूलपर्यंत (कर्नलला वेगळ्याने जोडला जाणारा भाग) पोचत नव्हती. डीआरएममधला डायनॅमिक डीबग वापरण्याचा पर्याय ‘ब्रोकन’ (बिघडलेला) म्हणून बंद करावा लागला आणि काम पुन्हा जुन्या बिटांवरच आलं.