मानवी तस्करी : सुटका आणि पुनर्वसन

तस्करीच्या बळींना कुंटणखाना, वीटभट्टी, कारखाना किंवा घरकामाच्या जागेवरून बाहेर काढणे आणि पुन्हा त्याच जाळ्यात जावे लागू नये इतका आधार देणे, असे या कामाचे दोन भाग आहेत. पहिला भाग एका रात्रीत उरकतो, दुसऱ्याला वर्षे लागतात. भारतात कायदा, पैसा आणि मनुष्यबळ मात्र बराच काळ पहिल्याच भागावर खर्च झाले. दुसऱ्याचे नियम अनुभवातून, बरेचसे मुंबईत, घडत गेले.

संविधानाच्या अनुच्छेद २३ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई केली आहे. वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराविरुद्ध १९५६चा कायदा आहे. १९८६च्या दुरुस्तीनंतर तो ‘पिटा’ म्हणून ओळखला जातो. २०१३मध्ये भारतीय दंड विधानाच्या कलम ३७०मध्ये तस्करीची सविस्तर व्याख्या आली आणि १ जुलै २०२४पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३मध्ये आहे. फसवून, धाकाने किंवा पैशांच्या आमिषाने नेलेल्या व्यक्तीने ‘मी राजीखुशीने आले’ असे सांगितले, तरी या कलमाखाली गुन्हा टळत नाही.

छाप्याची पद्धत ठरलेली आहे. बनावट ग्राहक पाठवायचा, त्याच्याजवळच्या नोटांचे क्रमांक आधीच पंचनाम्यात लिहून ठेवायचे, इशारा मिळताच आत शिरायचे. दलाल आणि घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) यांना अटक होते. मुलींना वैद्यकीय तपासणी करून दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा बालकल्याण समितीपुढे नेले जाते. खरी गुंतागुंत इथून पुढे असते.

फेब्रुवारी १९९६मध्ये ही गुंतागुंत सगळ्यांना दिसली. मुंबई उच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलींच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली होती. त्या काळात पोलिसांनी कामाठीपुरा परिसरात मोठे छापे घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या. त्यांत नेपाळी मुली फार मोठ्या संख्येने होत्या. इतक्या जणींना ठेवायचे कुठे, याची तयारी नव्हती. शासकीय वसतिगृहे भरून गेली, अनेकजणी आजारी होत्या, आणि नेपाळ सरकारने त्यांना परत घ्यायला उत्साह दाखवला नाही. अखेर स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतल्यावर शंभरावर नेपाळी मुली मायदेशी पोहोचल्या. त्यांच्यातल्याच काहीजणींनी काठमांडूत ‘शक्ती समूह’ ही संघटना उभी केली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनीच चालवलेल्या या संघटनेला २०१३मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. छाप्याच्या रात्री त्यांच्याकडे कुणी संघटक म्हणून पाहिले नसणार.

दुसरा धडा ताब्याचा. छाप्यानंतर काही दिवसांत वसतिगृहाच्या दारात एखादी ‘मावशी’ किंवा ‘मोठा भाऊ’ प्रतिज्ञापत्र घेऊन उभा राहतो आणि मुलगी आमच्या हवाली करा म्हणतो. तो खरा नातेवाईक आहे की घरवालीचाच माणूस, हे कागदावरून कळत नाही. त्यासाठी गावी जाऊन गृहचौकशी करावी लागते, आणि कित्येकदा विकणारेही घरातलेच निघतात. ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२मध्ये या पळवाटा बऱ्याच बुजवल्या. कुंटणखान्यातून सोडवलेल्या अल्पवयीन मुलीला गुन्हेगार मानायचे नाही, चौकशीशिवाय सोडायचे नाही, आणि दलाल किंवा घरवालीचा वकील त्याच खटल्यात मुलीचा वकील म्हणून उभा राहू शकणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हे शेवटचे सांगावे लागले, यावरूनच आधी काय चालत होते ते समजते.

प्रौढ स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. पिटाच्या कलम १७खाली दंडाधिकारी त्यांना संरक्षणगृहात एक ते तीन वर्षे ठेवू शकतात. संरक्षण म्हणून दिलेला हा आदेश आत राहणारीला तुरुंगवासासारखा वाटू शकतो. सप्टेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन तरुणींना सोडण्याचा आदेश दिला. वेश्याव्यवसाय करणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही आणि प्रौढ स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध अडकवून ठेवता येत नाही, असे त्यात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२च्या आदेशाचा रोखही असाच आहे. संरक्षणगृहांबद्दलची तक्रार मात्र जुनीच आहे: शिवणयंत्र आणि मेणबत्त्या यांपलीकडे प्रशिक्षण जात नाही, आणि त्या कमाईत मुंबईत खोलीचे भाडेही निघत नाही.

प्रतिबंधाचा सर्वांत नेमका प्रयोग कामाठीपुऱ्यातच झाला. आईचा धंदा रात्रीचा आणि खोली एकच, त्यामुळे मुले खाटेखाली किंवा रस्त्यावर झोपत, आणि वयात येणाऱ्या मुलीवर दलालांची नजर असे. प्रीती पाटकर यांच्या ‘प्रेरणा’ने १९८८मध्ये तिथे रात्र-निवारा केंद्र सुरू केले. संध्याकाळी मुले येत. तिथेच जेवण, अभ्यास आणि झोप. आईपासून मूल तोडायचे नाही, पण तिच्या मुलीला त्या व्यवसायात जाऊ द्यायचे नाही, हे त्यामागचे सूत्र. तस्करी रोखणे म्हणजे सीमेवर पहारा, एवढाच अर्थ घेणाऱ्यांना हे काम दिसतच नाही.

तस्करी फक्त कुंटणखान्यापुरती नसते. रायगड, ठाणे, पालघरमधली कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत असतो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्जच रद्दबातल ठरते, पण पुनर्वसनाच्या मदतीसाठी प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळावे लागते. केंद्राच्या २०१६च्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि लैंगिक शोषण किंवा तस्करीच्या गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये ठेवले आहेत. सुटकेनंतर त्यातली छोटी रक्कम तातडीने देण्याची सोय आहे, उरलेली मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटला रेंगाळला की कुटुंब पुढच्या हंगामात दुसऱ्या भट्टीची उचल घेते.