एवढे सगळे स्कॅन केले, तरी रिपोर्टमध्ये "बायोप्सीने (गाठीचा तुकडा काढून तपासून) खात्री करावी" असंच का?

मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की बरेच नातेवाईक परत आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर येतात, घाबरलेले असतात, आणि विचारतात की पर्फ्युजन (गाठीच्या रक्तपुरवठ्याची मोजणी) केलं, स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतल्या रसायनांची मोजणी) केली, मग कॅन्सर आहे की नाही ते सरळ का लिहीत नाही. आम्ही अंग झटकतोय असं वाटतं लोकांना. तसं नाहीये, म्हणून हे लिहून ठेवतोय.

एमआरआय गाठीतल्या पेशी दाखवत नाही. तो मुख्यतः शरीरातल्या पाण्याचा सिग्नल पकडतो. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर जो भाग चमकतो तिथे रक्त आणि मेंदूमधला नैसर्गिक अडसर गळका झालाय, एवढंच आम्हाला खात्रीने कळतं. तो ट्यूमरमुळे गळतो तसा टीबीच्या गाठीमुळे, पू झाल्यामुळे, रेडिएशनच्या परिणामामुळेही गळतो. उलटंही होतं, लो ग्रेड म्हणजे हळू वाढणारा ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींचा ट्यूमर) पुष्कळदा चमकतच नाही आणि पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा हा त्यातलाच एक प्रकार ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य, असूनही चांगला चमकतो. त्यामुळे चमकतंय म्हणजे वाईट आणि नाही चमकत म्हणजे साधं, हे गणित कृपया डोक्यातून काढून टाका.

अ‍ॅडव्हान्स तपासण्यांचंही तेच. स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीन हे रसायन वाढलेलं आणि एनएए हे मेंदूच्या निरोगी पेशींतलं रसायन घटलेलं दिसलं तर संशय ट्यूमरकडे जातो, पण मोजायचा चौकोन साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा असतो, गाठ लहान असली किंवा कवटीच्या हाडाला चिकटून असली की ग्राफ बिघडतो. पर्फ्युजनमध्ये रक्तपुरवठा जास्त म्हणजे हाय ग्रेड (वेगाने वाढणारी गाठ) असं धरून चालावं तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या ग्लायोमाच्या ग्रेड २ मध्येही तो जास्त येऊ शकतो. ट्रॅक्टोग्राफीची, म्हणजे मेंदूतल्या तंतूंचे मार्ग दाखवणारी, रंगीत चित्रं सगळ्यांना आवडतात, पण जिथे सूज असते तिथे तंतू शाबूत असूनही चित्रात गायब दिसतात. आणि नेहमीचा ग्लुकोजचा पेट स्कॅन म्हणाल तर निरोगी मेंदूच मुळात भरपूर ग्लुकोज वापरतो, त्यात गाठ उठून दिसेलच असं नाही.

त्यातून २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ग्लायोमाचं नाव ठरवायला आयडीएच म्युटेशन, १पी/१९क्यू अशा जनुकीय तपासण्या लागतात. स्कॅनवरून आम्ही अंदाज देऊ, चांगला अंदाज देऊ, पण त्या तपासण्या गाठीच्या तुकड्यावरच होतात. जिथे चित्र बोलकं असतं, उदाहरणार्थ मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) किंवा कानाच्या नसेवरचा श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ), तिथे आम्ही स्पष्ट नाव लिहितोच आणि बऱ्याचदा डॉक्टर बायोप्सीशिवाय पुढचं ठरवतात.

आता मुख्य गोष्ट, ज्यात तुमचे दिवस वाया जातात. ऑपरेशन किंवा रेडिएशननंतरच्या स्कॅनला येताना जुन्या स्कॅनची सीडी आणत नाहीत. मोबाईलवर फिल्मचे फोटो दाखवतात, फोटोत ट्यूबलाइट चमकत असते आणि स्लाइसचा (स्कॅनमधल्या एकेका थराच्या चित्राचा) नंबर कापला गेलेला असतो, त्यावर मोजमाप कसं करणार? कागदी रिपोर्टही पुरत नाही. फिल्मवर निवडक इमेज असतात, सीडीत सगळ्या असतात आणि त्याच जागेची स्लाइस शेजारी लावून मिलिमीटरमध्ये मोजता येतं.

हे एवढं ताणून का सांगतो तर रेडिएशन संपल्यावर पहिल्या ३ महिन्यांत गाठ मोठी झालेली, जास्त चमकणारी दिसू शकते आणि ती खरी वाढ नसतेही, याला स्युडोप्रोग्रेशन म्हणतात. बेव्हॅसिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध) चालू असेल तर उलट, चमक झपाट्याने कमी होते पण गाठ तेवढी कमी झालेली नसते. आधीचा स्कॅन आणि तारखा समोर नसताना "गाठ वाढली" असं लिहिलं तर चालू असलेली योग्य ट्रीटमेंट उगाच बदलली जाऊ शकते. म्हणून सीडी येईपर्यंत आम्ही फायनल रिपोर्ट थांबवतो. त्यावरून काही जण चिडतात, पण हा नियम आम्ही बदलणार नाही.

ऑपरेशनची तारीख, रेडिएशनचा शेवटचा दिवस, आणि डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड कधीपासून किती चालू आहे हेही फॉर्मवर लिहा. स्टेरॉइडने सूज आणि चमक दोन्ही उतरतात, लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) तर काही वेळा जवळजवळ नाहीसा होतो. पण स्कॅनसाठी म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ते फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील.

अजून एक, वॉर्डमधून लावून आलेली बारीक सुई काढून आमचा स्टाफ कोपरापाशी नवीन जाड सुई लावतो, याबद्दल तक्रार येते. पर्फ्युजनला कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४-५ मिली या वेगाने जावं लागतं, बारीक सुई तो दाब घेत नाही. औषध मेंदूतून काही सेकंदांत निघून जातं, तेवढ्यात डोकं हललं तर ती मोजणी गेली. म्हणून आम्ही पेशंटला आधी सगळं समजावून सांगतो, घाई करत नाही, अपॉइंटमेंटचा वेळही त्या हिशोबाने मोठा ठेवतो.

पुढचे स्कॅन शक्यतो एकाच मशीनवर, एकाच पद्धतीने करा, आमच्याकडेच करा असं नाही, पण आमच्याकडे केलात तर मागचे सगळे स्कॅन जपलेले असतात आणि सीडी शोधायची वेळ येत नाही. आधीचा स्कॅन दुसरीकडे झाला असेल आणि सीडी हरवली असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, त्या सेंटरला द्यायची चिठ्ठी आम्ही लिहून देतो, बहुतेक ठिकाणी कॉपी मिळते.