१०० वॉटचा जुना संच ५० वर आणताना

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या मित्राच्या भाच्याला नुकताच हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर स्वतःच्या संचावरून बोलण्याचा परवाना मिळाला. कॉलसाइन (हवेतलं अधिकृत नाव) व्हीयू३ने सुरू होणारा, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेड. लघुलहरींवर ५० वॉटची मर्यादा. जनरल ग्रेडला ४०० वॉट मिळतात. हाताशी आलेला संच मात्र ऐंशीच्या दशकातला, जपानी, १०० वॉटचा. एसएसबी (सिंगल साइडबँड) या पद्धतीने बोलताना पॉवर कमी करायचं बटणच त्याला नाही. पोरगं म्हणालं, "काका, माईक गेन उतरवला की पॉवर बी उतरती न्हवं?"

माईक गेन म्हणजे माईकचा आवाज संचात किती वाढवायचा ते ठरवणारं बटण. हा समज निम्मा खरा आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकलाय.

एसएसबीत तुम्ही गप्प असाल तर ट्रान्समीटर जवळजवळ काहीच बाहेर टाकत नाही. पॉवर आवाजाबरोबर चढते-उतरते. 'कोल्हापूर' म्हणताना 'को'ला उसळी येते, मधे पडते, 'पू'ला परत चढते. परवान्यातली मर्यादा पाळायची तर या उसळ्यांच्या शिखराकडे बघावं लागतं. साध्या वॉटमीटरचा काटा तेवढा चपळ नसतो. शिखर १०० वॉटला भिडत असतं तेव्हा तो २०-२५वर डुलताना दिसतो. मग माणसाला वाटतं संच कमी देतोय, तो माईक गेन वाढवतो, शिखरं छाटली जातात आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांच्या कानात खरखर ओतली जाते.

हे होऊ नये म्हणून संचात एक राखणदार बसवलेला असतो: एएलसी, म्हणजे पातळीवर आपोआप ताबा ठेवणारं सर्किट. ही संचातली माझी सगळ्यात आवडती जागा.

व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या) संचात शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला, उणे व्होल्टेज दिलेलं असतं. सिग्नलचं शिखर फार वर गेलं की ग्रिड क्षणभर कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाच्या) मानाने धन होतो आणि त्यातून करंट वाहू लागतो. अनेक संचांत याच खुणेपासून एक उणे व्होल्टेज तयार करतात आणि मागच्या टप्प्यातल्या अॅम्प्लिफायरला देतात. त्याचा गेन लगेच उतरतो. ट्रान्झिस्टरच्या संचात अँटेनाकडे जाणाऱ्या पॉवरचा चिमूटभर नमुना घेऊन, डायोडमधून काढून, तेच काम होतं. पुढे काय चाललंय ते बघून मागचा हात आवरायचा.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर हे डोळ्यांनी दिसतं. काहिलीत रस उसळून वर यायला लागला की गुळव्या ओरडतो आणि चुलवाणापाशी बसलेला माणूस चिपाडं सारायचा थांबतो. पण आत गेलेलं चिपाड जळतच राहतं. हाक आणि आच यांच्यामधे जो वेळ जातो, त्यात रस काठाला लागतो.

एएलसीचंही तसंच. शिखर आलं, नमुना गेला, गेन उतरला, यात काही मिलिसेकंद जातात. संच २५ वॉटला बांधून मी एकदा डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) ऑसिलोस्कोप, म्हणजे लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून बघितला. प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला एक बारीक सुळका, बाकीच्या लहरीच्या दुप्पट उंच. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे दुप्पट उंची ही चौपट पॉवर. २५ वॉटच्या संचातून क्षणभर १०० वॉट! पुढे नाजूक ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर जोडलेला असेल, तर तो या सुळक्यानेच जातो.

संचाच्या पोटातल्या प्रीसेटने (स्क्रूड्रायव्हरने फिरवून ठेवायच्या बारीक बटणाने) एएलसीची मर्यादा खाली आणता येते. पण मागचा गेन तेवढाच राहतो, आणि सुळकाही. चुलवाणाची आचच मुळात मंद ठेवली तर? बहुतेक जुन्या संचांच्या पाठीमागे बाहेरच्या लिनिअर (पॉवर आणखी वाढवणाऱ्या) अॅम्प्लिफायरसाठी एएलसीचं सॉकेट असतं. त्याला उणे व्होल्टेज दिलं की मागच्या टप्प्याचा गेन बोलण्याआधीच उतरलेला असतो. बऱ्याच संचांत ० ते उणे ४ व्होल्ट एवढं पुरतं. आपल्या संचाचं मॅन्युअल बघूनच द्यावं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिच्या दोन टोकांमधे १० किलोओहमचा पॉट (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा रेझिस्टर), बॅटरीचं धन टोक संचाच्या बॉडीला, पॉटची मधली पिन १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सॉकेटच्या मधल्या पिनेला. उलटं जोडू नका. बॅटरीला स्विच हवाच, नाहीतर पॉट रात्रंदिवस ०.९ मिलिअँपिअर ओढत राहतो.

यातही एक गोम आहे. बॅटरीला पुढे काय चाललंय ते कळत नाही. तुम्ही जोरात ओरडलात तर पॉवर संचाच्या स्वतःच्या मर्यादेपर्यंत चढेलच. म्हणून मर्यादा प्रीसेटने बांधायची, गेन बॅटरीने उतरवायचा आणि मग माईक गेन एवढाच ठेवायचा की एएलसीचा काटा जेमतेम हलेल.

एफटी-१०१ईसारख्या जुन्या व्हॉल्व्हच्या संचात प्लेट आणि लोडिंगची (शेवटचा टप्पा अँटेनाशी जुळवायची) बटणं मुद्दाम चुकीच्या जागी ठेवून पॉवर कमी करणारेही भेटतात. असं अजिबात करू नका. अँटेनात न गेलेली ऊर्जा व्हॉल्व्हच्या प्लेटवर उष्णता होऊन बसते. त्यातले ६जेएस६सी हे मूळचे टीव्हीचे व्हॉल्व्ह. आज शोधत फिरावं लागतं.

अशीच पुढचं बघून मागचं आवरण्याची सोय तुमच्या मोबाईलमधेही आहे. थ्रीजीच्या फोनची पॉवर सेकंदाला १५०० वेळा वरखाली केली जाते: टॉवर लांब तर जास्त, जवळ तर कमी. म्हणूनच 'रेडिएशन शोषून घेणारं' स्टिकर फोनच्या पाठीला लावणाऱ्यांना कळकळीने सांगतो. ते काही शोषत नसेल तर पैसे वाया गेले. आणि खरंच लहरी अडवत असेल, तर टॉवर फोनला पॉवर वाढवायला सांगेल.

पोराला मात्र निम्मी पॉवर गेल्याचं वाईट वाटत होतं. १०० वरून ५० म्हणजे ३ डेसिबल. समोरच्याच्या संचावर सिग्नलची ताकद एस-युनिटात दिसते; एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा त्याचा काटा फक्त अर्ध्या एस-युनिटने खाली येतो. अँटेना चार फूट वर चढवायचा उत्साह असेल तर तो तिथे खर्च कर, असं मी त्याला सांगितलं.

डमी लोड लावून, शिखर दाखवणारा मीटर मागून आणून आम्ही ७ मेगाहर्ट्झवर पॉट फिरवून पॉवर ५० वॉटला आणली. तोच पॉट तसाच ठेवून २१ मेगाहर्ट्झवर गेलो तर पॉवर ३० वॉट. वरच्या पट्ट्यांत शेवटच्या टप्प्याचा गेन घसरतो. मग त्याने पॉटभोवती पुठ्ठ्याची चकती चिकटवली आणि पट्ट्यागणिक पेन्सिलने खुणा केल्या. १४ मेगाहर्ट्झची तेवढी राहिली आहे, ती रविवारी.