बदनाम गोळीचं दुसरं आयुष्य

कंबर दुखते म्हणून साठीतला माणूस महिनोन्‌महिने बाम चोळतो, शेक घेतो. मग कधीतरी रक्त तपासलं की हिमोग्लोबिन घसरलेलं, मूत्रपिंडाचं दुखणं दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं दिसतं. मल्टिपल मायलोमा बऱ्याचदा असा सापडतो. हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. अँटिबॉडी बनवणाऱ्या या पेशी बेसुमार वाढतात आणि एकाच साच्यातलं निरुपयोगी प्रथिन ओतत सुटतात. हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं तुंबतात.

यावरच्या उपचाराला वळण दिलं ते थॅलिडोमाइडने. १९५७ साली जर्मनीत झोपेची गोळी म्हणून आलेलं हे औषध गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि हातपाय खुंटलेली हजारो बाळं जन्माला आली. १९६१ मध्ये ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं गेलं. पुढे अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात बार्ट बार्लोगी यांच्या चमूने ते ८४ मायलोमा रुग्णांना दिलं, बहुतेक जण इतर उपचार करून थकलेले. १९९९ साली निष्कर्ष छापून आले: जवळपास दर तिघांत एकाचं ते निरुपयोगी प्रथिन घटलं होतं.

कारण कळायला आणखी पंधरा वर्षं गेली. पेशीत सेरेब्लॉन नावाचं प्रथिन असतं. कोणतं प्रथिन मोडीत काढायचं, त्यावर खूण करणाऱ्या यंत्रणेचा ते भाग आहे. थॅलिडोमाइड त्याला चिकटतं आणि मायलोमा पेशी ज्यांच्या जिवावर जगते ती प्रथिनंच मोडीत निघतात. गर्भात हीच खूण हातपाय घडवणाऱ्या प्रथिनावर पडते. मारणारी आणि तारणारी पकड एकच! म्हणूनच त्याच कुळातल्या लेनालिडोमाइड या औषधाच्या काळात गर्भधारणा टाळावीच लागते, आणि हे पुरुष रुग्णांनाही लागू आहे.

बोर्टेझोमिब हे दुसरं औषध उलट वागतं. ते पेशीची कचरा मोडण्याची यंत्रणाच बंद पाडतं. दिवसरात्र प्रथिनं बनवणारी पेशी स्वतःच्याच कचऱ्यात गुदमरते. लेनालिडोमाइड आणि बोर्टेझोमिब, जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि मायलोमा पेशीवरच्या सीडी३८ या प्रथिनाला धरणारं डाराटुमुमॅब, अशी चार औषधं आज सुरुवातीलाच एकत्र देता येतात. प्रकृती साथ देत असेल तर पुढे रुग्णाच्याच मूळपेशी काढून गोठवतात, मेल्फालान या केमोच्या औषधाचा जबर डोस देतात आणि त्या पेशी सलाइनसारख्या परत सोडतात. मेल्फालान चढत असताना रुग्णाला बर्फाचे खडे चघळायला देतात. तोंड गार पडलं की तिथे औषध कमी पोहोचतं, फोड कमी येतात.

आजार बहुधा पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा रुग्णाच्याच टी-पेशींना मायलोमा पेशीवरचं बीसीएमए हे प्रथिन ओळखायला शिकवणारी कार-टी ही उपचारपद्धत मोठा आधार आहे. अमेरिकेत तिला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेली भारतीय कार-टी मात्र पेशींवर सीडी१९ हे वेगळं प्रथिन असलेल्या रक्ताच्या इतर कर्करोगांसाठी आहे, मायलोमासाठी नाही.