संक्षिप्त स्वीकाराधिष्ठित उपचारसत्र

नकोशा विचार-भावना आधी घालवण्याऐवजी त्या असतानाच हवे ते वर्तन सुरू करून देणारे, साधारण 15 ते 30 मिनिटांचे मानसोपचार सत्र. मूळ पद्धत ‘ॲक्ट’ (स्वीकार व बांधिलकी उपचार) या नावाने ओळखली जाते.

पद्धतीची बीजे 1980 च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांच्या कामात दिसतात. तिच्यावरील हेज, स्ट्रोसाल व विल्सन यांचा ग्रंथ 1999 मध्ये आला. संक्षिप्त रूपाची मांडणी स्ट्रोसाल, रॉबिन्सन व गुस्तावसन यांनी 2012 मध्ये केली. हेज या पद्धतीला वर्तनोपचाराच्या ‘तिसऱ्या लाटे’त, म्हणजे आधीच्या वर्तन-बदल व विचार-बदल उपचारांनंतरच्या टप्प्यात, गणतात (2004). हॉफमन व ॲस्मुंडसन यांनी 2008 मध्ये तिच्या नवेपणावर शंका घेतली. भावना आहेत तशा राहू देऊन कामाला लावणाऱ्या जपानमधील मोरिता उपचाराशी साम्य ठळक आहे. तरीही तिचे मूळ स्किनरप्रणीत वर्तनवादात (वर्तन त्याच्या परिणामांनी घडते या विचारात) शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारात अविवेकी समजुतीचे खंडन करतात. येथे विचार खरा की खोटा हा वादच टाळतात.

सत्राची सुरुवात नाती, काम, विरंगुळा व आरोग्य यांच्या झटपट चौकशीने होते. मग तक्रार केव्हापासून, कशाने उसळते, वाढते की ओसरते, हे पाहतात. त्यानंतरचे तीन प्रश्न सत्राचा कणा होत : आजवर काय करून पाहिले, त्याने कितपत भागले, त्यापायी काय गमावले? उत्तर रुग्णाच्याच तोंडून यावे लागते. घाईने सल्ला दिला की सत्र तिथेच फसते. शब्दाची पकड सैल करण्यासाठी ‘दूध’ हा शब्द अर्धा मिनिट भराभर म्हणायला लावतात; त्याने अर्थ विरून नुसता ध्वनी उरतो. हा परिणाम मानसशास्त्रज्ञ टिचनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवला होता. (गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाची चव जिभेवर असलेल्या कोल्हापूरकराला हे चटकन जाणवावे.) मग रुग्णाला छळणारा शब्द घेतात.

शेवटी एकच कृती ठरवतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतील कामगाराने ‘तंबाखू खाणार नाही’ म्हणणे चालत नाही, कारण ते मृत माणसालाही जमते. ‘रात्रपाळीहून आल्यावर बार भरण्याआधी मुलीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडीन, तलफ आली तर ती सोबत येईल’ ही कृती झाली. तो ती करेल याची खात्री 0 ते 10 मध्ये विचारतात. आकडा 7 च्या खाली आला तर समजूत न घालता कृतीच लहान करतात : रोजऐवजी आठवड्यातून दोनदा.

‘स्वीकार’ हा शब्द ‘नशिबात आहे ते सोसा’ असा ऐकला जातो, हा मराठीतील मोठा अडथळा. ‘त्रासाला जागा देणे’ हा शब्दप्रयोग बरा. घरातील मारहाण स्वीकारायला सांगणे ही तर घोडचूक. आत्महत्येचे विचार आढळल्यास ही रचना बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेची तपासणी करतात.